खैरनारची कोरी टेकडी

वाळवंटात फिरणाऱ्याच्या गाडीत वाळू साठते, तसे किस्सेही साठत जातात. कितीही झटका, पुढच्या शुक्रवारी सीटखालून मूठभर निघतेच. माझी बायको म्हणते, "वाळू निदान व्हॅक्यूमने तरी जाते. तुमचे किस्से पाहुणे उठून गेले तरी संपत नाहीत." खरं आहे. पण ज्याच्या मित्रांत खैरनार आहे, त्याने गप्प बसायचं तरी कसं?

खैरनार मूळचा नाशिकचा. सौदीतल्या जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. शिफ्टमध्ये सगळे अलार्म एकदम वाजायला लागले तरी हा माणूस आवाज चढवत नाही. पण सुट्टीचा शुक्रवार उजाडला आणि गळ्यात कॅमेरा आला, की हाच खैरनार आमच्यावर असा डाफरतो, की जणू आम्ही त्याच्याकडे कामाला आहोत. आम्ही म्हणजे त्याची बायको वैशालीवहिनी, पुण्याचा पाटणकर आणि मी. पाटणकर असतो कारण मोठी फोर-बाय-फोर गाडी त्याची. वहिनी असतात कारण थर्मास आणि डबे त्यांचे. मी ट्रायपॉड उचलतो आणि कौतुक करतो.

खैरनारला आयुष्यात एकच फोटो हवा होता. वाळूची एक टेकडी, माथ्यावरून गेलेली एकच वळणदार धार, धारेच्या अलीकडे ऊन, पलीकडे सावली. बस. त्यात माणूस नको, गाडी नको, झुडूप नको, आणि मुख्य म्हणजे वाळूवर एकही पाऊल नको. "कोरी टेकडी," तो म्हणायचा. नाशिकला नवा फ्लॅट घेतला तेव्हा हॉलची मोठी भिंत त्याने या फोटोसाठी मोकळी ठेवली. वर छोटा दिवा बसवला, खिळाही ठोकून ठेवला. फोटोचा पत्ता नाही!

"सुट्टीवर गेलं की लोक फ्लॅट बघायला येतात," वहिनी सांगत. "मी सांगते, हा हॉल, हे किचन, आणि हा यांचा खिळा."

*

कोऱ्या टेकडीचा नियम आम्हाला पहिल्याच ट्रिपला कळला, आणि तो पाटणकरमुळे कळला.

जुबैलहून रियाधकडे जाताना लाल वाळूचा एक लांबलचक पट्टा लागतो, दहना त्याचं नाव. तिथे एक सुरेख टेकडी दिसली. खैरनार गाडीतून उतरला, बघतच राहिला, आणि लेन्स काढायला मागच्या सीटकडे वळला. तेवढ्यात पाटणकर बूट काढून लहान पोरासारखा धावत सुटला, तो थेट माथ्यावर! वर उभा राहून दोन्ही हात पसरून ओरडला, "खैरनार, काढ!"

खैरनारने लेन्स परत पिशवीत ठेवली. शांतपणे म्हणाला, "उतर. आणि आता पुढची टेकडी शोध."

तेव्हापासून ट्रायपॉड लागला की त्याच्या पुढे कुणी पाऊल टाकायचं नाही. पाणी प्यायचं मागे, चहा मागे, शिंकायचं सुद्धा मागे. वहिनींनी तर इतकी वर्षं सगळा सौदी अरेबिया खैरनारच्या पाठीमागूनच पाहिला.

*

मग खैरनारने इंजिनिअरचं डोकं चालवलं. पावलं उमटतात ना? पुसू या! दम्मामच्या इंडियन दुकानातून त्याने लांब दांड्याचा खराटा आणला आणि गाडीच्या डिकीत टाकला.

त्या शुक्रवारी टेकडीवर कुणाच्या तरी पावलांची एकच रांग होती. खैरनार खालून वर झाडत गेला आणि झाडतच मागे मागे खाली आला. घामाघूम झाला, पण पावलं गेली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो पाहिला, तर सगळ्या टेकडीवर खराट्याचे फराटे! पावलं परवडली असती.

वहिनींनी त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "अंगण छान झाडलंत," त्या म्हणाल्या. "आता सडा घालू की थेट रांगोळीच काढू?"

खराटा मात्र डिकीतच राहिला. पुढे एकदा हायवेच्या चेकपॉइंटवर तरुण पोलिसाने आमचे इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, पाहिले, डिकी उघडायला लावली आणि आत ट्रायपॉडशेजारी खराटा बघून थबकला. हे काय म्हणून त्याने विचारलं. खैरनारने आपल्या मोडक्या अरबीत सांगितलं, की हा वाळवंटासाठी आहे. वाळू झाडायला.

पोलिसाने दुसऱ्या पोलिसाला हाक मारली. मग तिसऱ्याला. तिघांनी आळीपाळीने खराटा हातात घेऊन पाहिला. शेवटी पहिल्याने तो नीट जागेवर ठेवला, डिकी लावली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "यल्ला, जा. वाळवंट झाडून झालं की माझ्या घराकडे या. अंगणात पण वाळू आहे."

*

एका थंडीत मात्र फोटो जवळजवळ झालाच होता. टेकडी कोरी, ऊन तिरपं, आम्ही सगळे मागे श्वास रोखून. आणि उजवीकडून उंट आले. एक नाही, अख्खा कळप, आणि तो सावकाश, रवंथ करत, बरोबर त्या धारेवरून गेला. खैरनार खाली वाळूवर बसला.

मागून पिकअप घेऊन उंटांचा मालक आला. कॅमेरा पाहून त्याला वाटलं, हा माणूस खास आपल्या उंटांसाठी आलाय. त्याने एका पांढऱ्या उंटिणीला ओढत पुढे आणलं. ही वर्दा, माझी सगळ्यात लाडकी, हिचा काढ. नाही म्हणायची सोय नव्हती. वर्दाचे समोरून काढले, बाजूने काढले, मालकाच्या गालाला गाल लावून काढले. खैरनारचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

फोटो मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. काही महिन्यांनी हायवेला एक पिकअप आम्हाला ओव्हरटेक करून गेली. मागच्या काचेवर भलंमोठं स्टिकर होतं, आणि स्टिकरवर वर्दा! खैरनारचा आजवरचा सगळ्यात गाजलेला फोटो तोच आहे.

उंट आले त्या दिवशी आम्ही परतत होतो. मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "उंटिणीचे काढलेत ते बरं केलंत. पण माझा एक तरी काढलाय का हो इतक्या वर्षांत?"

"तुझा काय, घरी कधीही काढता येईल," खैरनार म्हणाला.

"मग घरी काढलाय का?"

पाटणकरने उगाचच एसी वाढवला.

*

खैरनारचा दुसरा नियम म्हणजे लाईट, म्हणजे संध्याकाळचं ऊन, जाईपर्यंत जेवायचं नाही. या नियमाने पाटणकर दर शुक्रवारी अर्धा होतो. डब्यात थालीपीठं आहेत हे माहीत असून सूर्याकडे बघत बसणं त्याला जमत नाही.

एकदा शेजारच्या टेकडीखाली एक सौदी कुटुंब गालिचा अंथरून बसलं होतं. आम्ही चौघं रांगेत, उपाशी चेहऱ्यांनी रिकाम्या वाळूकडे टक लावून बसलोय, हे त्यांच्या आजोबांना बघवेना. ते स्वतः उठून आले. "तफद्दल, तफद्दल," या, जेवायला या.

खैरनारने हात जोडले आणि सावलीची वाट बघतोय असं सांगितलं. आजोबांनी टेकडीकडे पाहिलं, खैरनारकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सावली रोज येते. भात गार होतो."

आम्ही उठलो. मोठ्या परातीत कब्सा, म्हणजे मसालेभात आणि वर अख्खं मटण. पाटणकर शाकाहारी. तो काकडी आणि खजूर खात बसला. आजोबांनी काळजीने विचारलं, तर हा म्हणाला, डॉक्टरांनी मनाई केलीय. झालं! त्यांनी पाटणकरच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून त्याच्या तब्येतीसाठी भलीमोठी दुआ केली. सगळं कुटुंब आमीन म्हणालं. मग दही आलं, फळं आली, खीर आली.

"त्या दिवसापासून साधी सर्दी नाही," पाटणकर अजून सांगतो.

*

गाडी रुतल्याचा किस्सा सांगू नकोस असं पाटणकरने मला बजावलंय. म्हणून थोडक्यात सांगतो.

टायरमधली हवा कमी न करताच तो मऊ वाळूत शिरला आणि गाडी पोटावर बसली. पाटणकरने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, चाकं आणखी खाली गेली. मी सल्ले दिले. खैरनार तर तिथे नव्हताच, तो लाईट बघायला वरच्या उंचवट्यावर गेला होता. तासभर आमचं हे चाललं होतं.

वहिनींनी इथे बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाल्यावर दम्मामला लायसन्स काढलेलं. त्या ओढणी खोचून पुढे आल्या. "पाटणकर, उतरा. भाऊजी, तुम्ही बोलू नका." चाकांमागची वाळू त्यांनी हाताने उपसली, टायरमधली हवा सोडली, गाडीत बसल्या, आणि ज्या खुणांवरून गाडी आत आली होती त्याच खुणांवरून, एक बोटही इकडेतिकडे न होता, तिला अलगद मागे बाहेर काढलं.

आम्ही टाळ्या वाजवल्या. वरून खैरनारचा आवाज आला, "अरे, नवीन चाकोरी पाडू नका रे, फ्रेममध्ये येतंय!"

"नाही पाडली हो," वहिनी खिडकीतून म्हणाल्या. "तुमच्याबरोबर एवढं तर शिकले."

*

यंदा खैरनारची साठी झाली. कंपनीने फायनल एक्झिटचे कागद काढले. फायनल एक्झिट म्हणजे इकामा खलास, कायमचं घरी. इथे प्रत्येकालाच कधीतरी जायचंय, ते माहीत असतं. तरी खैरनारच्या घरातली खोकी बांधताना मी एकाच खोक्याला तीन-तीनदा चिकटपट्टी लावत होतो. तेवीस वर्षांच्या फोटोंचं एक खोकं होतं. त्यात खडक, मिठाची मैदानं, वर्दा, सगळं होतं. कोरी टेकडी नव्हती.

शेवटच्या शुक्रवारी आमच्या इथल्या मराठी मंडळाने निरोपाचं जेवण ठेवलं. सत्कारमूर्ती म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या," आणि आम्हाला घेऊन दहनाला निघाले.

आठवडाभर वारा होता, त्याने सगळं वाळवंट नव्याने घडी घातल्यासारखं करून ठेवलं होतं. पाटणकरने गाडी लांबच थांबवली आणि दारसुद्धा हळू लावलं. समोर ती टेकडी होती. धार अशी, की बोट लावलं तर कापेल. वाळूत बाईक उडवणारे नाहीत, उंट नाहीत, पिकनिक नाही. ऊन उतरत गेलं आणि पलीकडची बाजू हळूहळू काळीभोर झाली. पाटणकरने भुकेचा शब्दही काढला नाही. मी मनात म्हणत होतो, काढ रे बाबा, आता काढ.

खैरनार कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होता. उभाच होता. मग त्याने डोळा काढला आणि मागे वळला.

"वैशाली, इकडे ये."

वहिनी थर्मासचं झाकण हातात घेऊन पुढे आल्या आणि सवयीने ट्रायपॉडच्या मागेच थांबल्या.

"ते ठेव. त्या धारेवरून चालत जा. पार टोकापर्यंत."

वहिनींनी झाकण खाली ठेवलं. "अहो, पावलं उमटतील."

"उमटू देत."

"आज शेवटचा दिवस आहे. परत मिळायची नाही अशी."

"जा ना. लाईट जाईल."

वहिनींनी चपला काढल्या, पिवळी ओढणी सावरली आणि निघाल्या. सुरुवातीला काचेवरून चालल्यासारख्या चालत होत्या, मग नीट चालायला लागल्या. वळणावरून वर गेल्या, लहान होत होत पार टोकाला पोचल्या आणि आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वाऱ्याने ओढणी आडवी धरली. कॅमेरा वाजत होता, थांबतच नव्हता. पाटणकर दुसरीकडे बघत चष्मा पुसत होता.

बऱ्याच वेळाने खैरनारने हात वर करून झालं अशी खूण केली. पण वहिनी तिथेच. त्या खाली वाळूकडे बघत होत्या. मग दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी लांबून विचारलं,

"अहो, आता परत कुठून येऊ?"

खैरनारने कॅमेरा गळ्यातून काढून माझ्या हातात दिला, ट्रायपॉडला वळसा घालून पुढे गेला, आणि ओरडला,

"कुठूनही ये!"