हलीमाचाचीचा टायमिंग बेल्ट

माझ्या लग्नाच्या दिवशी ऐन सकाळी नवरदेवाची गाडी गॅरेजमध्ये इंजिन उघडून पडली होती.

आणि ती तिथे पाठवणारी बाई ओट्यावर बसून मला म्हणत होती, "घाबरतोस काय? लगीन तुझा हाय, गाडीचा न्हाय."

आमची हलीमाचाची. चौलला आमच्या समोरचं घर तिचं.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

रडकी पोस्ट लिहिणार नाही. तिला आवडली नसती. तिला बोलायला एकच विषय पुरायचा, टायमिंग बेल्ट.

हो, तोच. गाडीच्या इंजिनातला.

स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. पण आळीत कुणी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारणार, "बेल्ट कधी बदलायचा हाय?"

माझ्या आत्ताच्या गाडीत बेल्ट नाही, चेन आहे. हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे अशी कीव करून बघितलं!

"चेन? गाडी घेतलीस का सायकल?"

शेवटपर्यंत तिला पटलं नाही. दुकानदाराने फसवलं मला, असंच ती धरून होती.

या वेडाला कारण होतं.

तिचा नवरा इब्राहीमचाचा गल्फमध्ये नोकरीला. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. गाडी त्या सुट्टीपुरती पळायची, बाकी वर्षभर अंगणात कव्हरखाली. मीटरवर किलोमीटर अगदीच थोडे. चाचा कौतुकाने बॉनेटवर थाप मारायचा, "नवीच हाय अजून."

एका सुट्टीच्या शेवटी एअरपोर्टला निघाले, आणि ती "नवीच" गाडी कार्ले खिंडीत खटकन बंद पडली. बेल्ट तुटला. आवाज नाही, दिवा नाही, काही नाही. आतले पिस्टन वॉल्व्हवर आपटले, इंजिनाचे बारा वाजले. फ्लाइट गेली ती गेलीच.

मेकॅनिक म्हणाला, "चाचा, बेल्टाला किलोमीटर बघायचे तशी वर्षं पण बघायची. जे आधी भरेल ते. गाडी उभी असली म्हणून रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही."

चाचा चार दिवसांनी दुसऱ्या विमानाने गेला आणि विसरला. चाची नाही विसरली.

तरी त्या दिवसाचा विषय निघाला की ती हसायची. "इंजिन गेला, पन मानूस चार दिस जास्त ऱ्हायला." असं म्हणून डोक्यावरचा पदर उगाचच सारखा करायची.

तर माझं लग्न.

मुलगी काशीदची, वैशाली. आमच्याकडे तेव्हा स्कूटर. चाचाने तिकडून फोनवर सांगितलं, "माझी गाडी ने." मी खूश. आदल्या दिवशी फुलं लावायला गाडी आणायला गेलो, तर अंगण रिकामं.

"गॅरेजला धाडली. बेल्टाची वर्षं भरली हायत."

"चाची, उद्या लग्न आहे!"

"म्हनूनच."

सकाळपर्यंत मिळणार होती. पण उघडल्यावर बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा बेअरिंगही गेलेला निघाला. पार्ट अलिबागहून येणार. माझ्या बाबांनी डोक्याला हात लावला. आई म्हणाली, "हलीमा, मुहूर्त थांबायचा नाही गं."

चाची उठली, नाक्यावर गेली आणि सहा सीटर रिक्षा घेऊन आली.

"नवरा कशातनं पन जाईल. नवरी माझ्या गाडीतनं येनार, आनि वाटेत कुठं थांबनार न्हाय."

मी गेलो. फेटा, शेरवानी, मांडीवर मामेभावाचं पोर आणि पायाशी नारळांचं पोतं. साळावच्या पुलावर वाऱ्याने मुंडावळ्या ड्रायव्हरच्या कानात. सासऱ्यांनी रिक्षात आधी डोकावून बघितलं, मग मागे बघितलं. नवरदेवाची गाडी मागून येतेय असंच वाटलं त्यांना.

खरं सांगू? मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता.

जेवणाच्या पंगती चालू असताना गाडी आली. धुतलेली, फुलं लावलेली. स्टिअरिंगवर मेकॅनिक, शेजारच्या सीटवर चाची, नवी साडी, हातात प्लास्टिकची पिशवी.

पिशवीत जुना बेल्ट.

मांडवात फिरून तिने तो सगळ्यांना दाखवला. जागोजागी भेगा, दोन दात अर्धे उडालेले. "ह्यो बगा. ह्याच्यावर नवरी आनत होता." माझ्या सासूबाईंनी तो हातात घेऊन बघितला आणि चाचीचे दोन्ही हात धरले. त्या दिवसापासून दोघी मैत्रिणी.

आमच्या अल्बममध्ये आहेराच्या फोटोत चाची आमच्या दोघांच्या मध्ये उभी आहे, हातात बेल्ट. फोटोग्राफरने तो बाजूला ठेवायला सांगितलं होतं. तिने नाही ठेवला.

वैशालीला घेऊन आम्ही संध्याकाळी घरी आलो. गाडी वाटेत कुठंही थांबली नाही.

आता चाचा कायमचा घरी आलाय. डोळ्यांमुळे गाडी चालवत नाही. गाडी अंगणातच असते. मागच्या आठवड्यात बघतो तर अंगण रिकामं. मी धावत गेलो.

"चाचा, गाडी विकली?"

"न्हाय रं. बेल्टाची वर्षं भरली. गॅरेजला धाडली."

"पण तुला जायचंय कुठं?"

चाचाने समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग हसला.

"तिच्याकडंच. आज ना उद्या. गेल्या गेल्या पयला काय विचारल ती, सांग बरं?"

मला हसू पण आलं आणि रडू पण.

चाची, बेल्ट बदललाय. चाचाने स्वतः बदलून घेतला. जुना पिशवीत घालून ठेवलाय, तुला दाखवायला.

फक्त त्याला घाई करू नकोस. पुढचा बेल्ट पण त्यालाच बदलू दे.

तुला आमच्या दोन्ही घरांचा सलाम.