पिवळ्या कव्हरातला उद्या

मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्यात तीनशे माणसं पंपाच्या मोटर बनवायची आणि एक माणूस पुढच्या दहा वर्षांत काय होईल ते लिहायचा. तो माणूस म्हणजे हेरंब चिटणीस. त्यांचं लिहिलेलं टाइप करायची मी, पद्मा. चिटणीसांच्या आजोबांनी संस्थानाच्या दफ्तरात जुने कागद सांभाळले होते. ‘मी अजून न घडलेले कागद सांभाळतो,’ असं चिटणीस सांगत, आणि सांगताना हसत नसत.

देशाचा बाजार उघडला तेव्हा आमचे मालक उदयसिंहराव कुठल्याशा परिषदेला जाऊन आले. उद्याची तयारी आज करायची असते असं तिथे कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. आल्या आल्या त्यांनी ‘भविष्य अभ्यास विभाग’ काढला. विभागात एक टेबल, एक टाइपरायटर आणि आम्ही दोघं.

दरवर्षी दिवाळीआधी तीन फायली तयार व्हायच्या. हिरव्या कव्हरात ‘सगळं जमलं तर’, पिवळ्यात ‘आहे तसं चाललं तर’ आणि लालमध्ये ‘सगळं बिघडलं तर’. उदयसिंहराव फक्त पिवळी वाचत. लहरीपुऱ्याच्या बाजारात दुकानदारानं तीन साड्या पुढे टाकल्या तरी ते मधलीच उचलतात, असं त्यांच्या घरचेच सांगत. ‘टोकाचं आपल्याकडे काही होत नाही,’ असं म्हणून ते फाइल मिटत. मग तिन्ही फायली कपाटात जात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत आमच्याकडे कुणी फिरकत नसे.

मला याचं एरवी काही वाटलं नसतं. पण माझे यजमान वसंतराव वाइंडिंग खात्यात होते. मोटरमध्ये तांब्याची तार हातानं भरायची, हेच काम अकरा वर्षं. दुसरं काही त्यांना येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती.

चौऱ्याण्णव साली करजणला हायवेवर मोटरचा नवा कारखाना उभा राहतोय अशी बातमी आली. चिटणीस लागोपाठ तीन रविवार एसटीनं तिकडे गेले आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. अशा अभ्यासासाठी लोक परदेशी पुस्तकं मागवतात; यांनी गवंड्यांना चहा पाजला. तिसऱ्या सोमवारी मला म्हणाले, ‘पद्माबाई, शेड आपल्या दुप्पट आहे. सायकल स्टँड मात्र तीस सायकलींचा.’

आमचा स्टँड तीनशेचा होता. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

त्यांनी लिहिलं: पाच वर्षांत तार मशीन भरेल, आपली कामं करजणला जातील, वाइंडिंगच्या एकशे चाळीस माणसांपैकी वीस उरतील. टाळायचं असेल तर दोन मशिनं आत्ताच आणा आणि दर बुधवारी कामाच्या वेळात दोन तास सगळ्यांना शिकवा. हे त्यांनी लाल फाइलीसाठी माझ्या हातात दिलं.

‘साहेब, लाल ते उघडत नाहीत,’ मी म्हटलं.

‘वाईट आहे ते लालमध्येच जाणार. वाचायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न.’

त्यांचा प्रश्न! मला त्या माणसाचा असा संताप आला की मी तीन पानं चुकीची टाइप केली. दुपारी ते डबा खायला गेले, तेव्हा मी लाल कव्हरातले कागद पिवळ्यात घातले आणि पिवळ्यातले लालमध्ये. अक्षर एकही बदललं नाही. पकडले गेले असते तर आमच्या घरातल्या दोन्ही नोकऱ्या एकाच दिवशी गेल्या असत्या, आणि हे सांगायला अभ्यास विभाग लागत नाही.

बैठकीत टिपणं घ्यायला मी होतेच. उदयसिंहरावांनी नेहमीप्रमाणे पिवळी उघडली. दुसऱ्या पानावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

‘चिटणीस, हे मधलं?’

चिटणीसांनी फाइल ओढून घेतली. आतलं पान वाचलं, कव्हरावरचे शब्द वाचले आणि माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मी मनातल्या मनात राजीनामा टाइप करून टाकला.

‘आहे तसं चाललं तर,’ ते शेवटी म्हणाले, ‘हो. असंच होईल.’

हा माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता, आणि तेव्हाही बोलला नाही. मला त्यांनी कधी एका शब्दानं विचारलं नाही. पुढच्या वर्षीपासून कव्हरं मात्र ते स्वतः घालायला लागले.

दोन मशिनं आली आणि बुधवारचे वर्ग सुरू झाले. ‘हा चिटणीस आम्हाला या वयात बालमंदिरात बसवतोय ने!’ असं वसंतराव दर बुधवारी घरी येऊन म्हणत. करजणचा कारखाना सुरू झाला तोवर आमच्याकडे मशीन चालवणारी आणि बिघडलं तर दुरुस्त करणारी माणसं तयार होती, त्यामुळे कामं टिकली. एकशे चाळीसांपैकी एकशे अठरा राहिले. वसंतराव राहिले. जे बावीस गेले ते मला अजून नावानिशी आठवतात.

दोन हजार साली चिटणीस निवृत्त झाले. कँटीनमध्ये सेवउसळ खाऊन झाल्यावर उदयसिंहराव भाषणाला उठले. ‘चिटणीसांचं एक भविष्य साफ चुकलं हं. म्हणाले होते, वाइंडिंगमध्ये वीस माणसं उरतील. चालो, मोजा बघू!’ सगळे हसले, वसंतराव सगळ्यांत मोठ्यानं. चिटणीस उठले, ‘चुकलं खरं,’ म्हणाले आणि खाली बसले.

मला ते सहन झालं नाही. घरी आल्यावर मी वसंतरावांना सगळं सांगितलं, कव्हरांसकट.

चिटणीसांच्या घरची पाण्याची मोटर जळलीय हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मोटरच्या कारखान्यातला हा माणूस महिनाभर बादल्या वाहत होता. रविवारी वसंतराव हत्यारांची पिशवी घेऊन पाणीगेटला त्यांच्या घरी गेले. मीही गेले. ओट्यावर बसून त्यांनी मोटर उघडली आणि नवी तार भरली, मशीनवर नाही, हातानं, एकेक वेढा मोजत. दिवस गेला त्यात.

संध्याकाळी पाणी वर चढलं. चिटणीसांनी नळ सोडून खात्री करून घेतली आणि विचारलं, ‘किती वर्षं चालेल?’

‘तुम्ही असेपर्यंत, साहेब,’ वसंतराव म्हणाले.

चिटणीसांनी थोडा विचार केला. मग माझ्याकडे वळले.

‘पद्माबाई, हे कुठल्या कव्हरात घालू?’

‘हिरव्यात घाला,’ मी म्हटलं, आणि मला रडू आलं.