एका तारखेच्या दोन मंजुळाबाई

हे घृष्णेश्वरा, सहस्र नामांनी हाक मारली तरी ती तुझ्याच दारी येते. माणसाला मात्र त्याच्याच नावाने हाक मारावी, तर ती दुसऱ्याच्या दारी जाते! अशा एका चुकलेल्या हाकेचा भार माथी घेणाऱ्या गोकुळची ही कथा.

मेंढपाळाचा हा मुलगा शहरातल्या एका रुग्णालयात संगणकावर बसे. पैठणच्या दवाखान्यातून रुग्णाची माहिती ठरलेल्या साच्याच्या संदेशात निघे: नाव, बाई असल्यास नवऱ्याचे नाव, जन्मतारीख, गाव, आजार, न सोसणारे औषध. शहरातला संगणक तो संदेश त्या-त्या रुग्णाच्या नोंदीला जोडी. कोणता रुग्ण कोणता, हे ठरवणारा नियम गोकुळने लिहिला होता. त्यातून नवऱ्याचे नाव त्यानेच वगळले. नोंदणीवाले तो रकाना कोराच सोडत आणि संदेश अडून पडत.

पण आपल्या म्हाताऱ्यांना जन्मतारीख ठाऊक असते कुठे? नोंदणीवाला चेहरा पाहून वय अंदाजतो आणि लिहून टाकतो, एक जानेवारी.

एकाच वाडीतल्या, एकाच आडनावाच्या दोन मंजुळाबाई, दोघी पासष्टीच्या. त्यातल्या एकीला, मेंढपाळ सोनाजींच्या बायकोला, पेनिसिलीन सोसत नसे. ताप चढला म्हणून त्यांना शहरात पाठवताना पैठणने तसे कळवले, संदेश पोहोचलाही. पण जडला दुसरीच्या नोंदीला. बाई तापाच्या ग्लानीत, सोनाजी खाली औषधांच्या रांगेत. पेनिसिलीनचे इंजेक्शन दिले, आणि ते वर येईपर्यंत सारे संपले होते.

रुग्णालय म्हणाले, आजारच मोठा. गोकुळने संदेश तपासले, तेव्हा पैठणचा तो संदेश त्याला दुसरीच्या नोंदीत सापडला. त्याने नियम सुधारला, चूक लेखी कळवली, नोकरी गमावली आणि वाडी गाठली.

"काका, नियम माझा होता. काकूंचा निरोप माझ्यामुळं दुसरीकडं गेला."

सोनाजींनी वाड्यातल्या मेंढरांकडे बोट केले. "दोनशे हायेत. एकासारखं एक. तरी कोणतं दुखणाईत, मी लांबून सांगतो. मेंढक्याच्या पोटी जलमून तुला दोन बाया वळखू आल्या नाय व्हय रं?"



दुसऱ्या मंजुळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "कुणीबी हाक मारली तरी आमी दोघी ओ द्यायचो," त्या म्हणाल्या. "आता एकटीच देते."

"पी पाणी," सोनाजी म्हणाले. "अन् आता काय केलंस तिथं?"

"आता नवऱ्याच्या नावाबिगर नोंद जुळत नाय, काका."

"म्हंजी माझं नाव कामाला आलं," सोनाजी पुटपुटले. "लई उशिरानं आलं."

हे घृष्णेश्वरा, सोनाजींच्या थंडावलेल्या चुलीपाशी तू बैस. उरलेल्या मंजुळेला उदंड आयुष्य दे. आणि खरे बोलून रिकाम्या हाताने घरी परतलेल्या गोकुळला, त्याच्या आईबापांना, त्याच्या उंबऱ्याला सांभाळ. त्याच्या मिटल्या डोळ्यांना, देवा, थोडी झोप दे.