परत येणाऱ्यांचे सिनेमे

परदेशात गेलेल्या माणसांवरचे सिनेमे मला बघवत नाहीत. रडू येतं म्हणून नव्हे, किळस येते म्हणून. बाहेर बर्फ पडतोय आणि नायक आईनं दिलेली लोणच्याची बरणी कवटाळून खिडकीशी उभा. अरे, लोणचं खायचं असतं. शेवटी तो परत येतो आणि अख्खं गाव वेशीवर. कुणाला कामधंदा नाही. हे शेवट लिहिणारे स्वतः कधी परत आलेले नसावेत.

मी आलोय. कॅनडाबिनडाहून नाही, तमिळनाडूतून. कवठे महांकाळकडच्या आमच्या कोरडवाहू गावातली निम्मी घरं गलाईवर जगतात. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं काम. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारामागच्या बोळात आमच्याकडचा माणूस ॲसिडच्या धुरात खोकताना सापडेल. त्याच्यावर सिनेमा कोण काढणार? तिथं बर्फ नसतो.

जत्रेला आम्ही गावी यायचो. पारावर पहिला प्रश्न, "कवा आलास रं?" आणि त्याला जोडूनच, "जाणार कवा?" दोन्ही मायेनंच. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळ असावंच लागतं. ज्याच्याकडं ते नसतं, तो बुडालेला.

माझा धंदा आटला तेव्हा ते उत्तर माझ्याकडं नव्हतं. इतके दिवस तोंड दाबून ठेवलं, आता सांगतो. मी मिरजेत भाड्यानं राहतो आणि गावाला वाटतं, मी अजून तमिळनाडूतच आहे. जत्रेला आम्ही नवराबायको बॅगा घेऊन एसटीतून उतरतो, रेल्वेला लय गर्दी होती म्हणून मी कुरकुरतो, आणि जत्रा संपली की रिझर्वेशन आहे म्हणून निघतो.

मिरज म्हणजे लपायला सगळ्यात गाढव जागा. जिल्ह्यातलं प्रत्येक आजारपण इथंच येतं. औषधाच्या दुकानात एकदा गावातला चुलता भेटला.

"आरं, तू हितं कसा?"

"तपासायला आलोय, तात्या."

"तिकडं दवाखानं न्हाईत व्हय?" त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं. मग आवाज उतरवून, "लय हाय काय?"

मी नुसती मान हलवली. पुढच्या जत्रेत सगळे मटणावर बसले आणि मला मऊ भात वाढला.

गेल्या महिन्यात टोरांटोहून पोराचा फोन आला. असलाच एक सिनेमा त्यानं बघितला होता. "तुम्ही पण बघा," म्हणाला. बघितला. बायकोनं पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, "हा विमानतळावरनं थेट उसात कसा पोचला? ते पण पांढऱ्या बुटात?"

"तुमास्नी काळीजच न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोरगा म्हणाला, "पप्पा, नोकरी सोडतोय. गावी येऊन राहतो. जत्रेत लोक केवढा जीव लावतात तुम्हाला."

मिरजेचं घर पोराला ठाऊक होतं. ते गावाला ठाऊक नाही, हे ठाऊक नव्हतं. मग सगळं सांगितलं. बॅगा, रिझर्वेशन, मऊ भात. म्हटलं, "जीव लावतात ते जाणाऱ्याला. राहणाऱ्याचं मला माहीत नाही. मी राहून बघितलंच नाही. भ्यालो. तू येऊ नको."

 

"मी आलो तर तुमचं उघडं पडेल," तो म्हणाला. "म्हणून नको म्हणताय?"

पोराच्या काळजीनंच नको म्हणतोय, असं मी स्वतःला पटवलं होतं. सिनेमावाल्यांना इतका वेळ नावं ठेवत होतो, आणि माझी जत्रेतली एंट्री त्यांच्याहून खोटी.

"त्यामुळं पण," मी म्हणालो.

बायको शेजारीच उभी होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "तू ये रं. येऊ नको वाटलं तर नको येऊ. ह्यांच्यापायी कायबी ठरवू नको."

तो काय करणार ते अजून कळलेलं नाही. काल तिनं मला न विचारता तात्यांना फोन लावला. "आवं मामंजी, आमी मिरजंतच हाय. लय दिस झालं." मी आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं. तात्या काय बोलतायत ते ऐकू येत नव्हतं. तिचं नुसतं "व्हय, व्हय" चाललं होतं.