साठ मोजेपर्यंत

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. बाप सावलीच्या तलावात जाळं टाकायचा आणि मी बी.एस्सी. झालो, हे मी तेव्हा कुणी न विचारताच सांगत असे; आजही सांगतो. त्याच बळावर, पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत, मला नागपूरच्या एका कचेरीत फोटोग्राफरची जागा मिळाली. पहिलंच काम आलापल्लीकडच्या जंगलातली घरं आतून टिपण्याचं.

साहेबांनी निघताना बजावलं, "खोली पूर्ण आली पाहिजे. माणसं नकोत. माणसं हलतात."

माझ्याजवळ दोन भिंगं होती. रुंद भिंग आख्खी खोली घेई, पण त्याला उजेड फार लागे. नेहमीचं भिंग अंधारात बरं चाले, पण त्यात खोलीचा कोपरा तेवढा मावे. मागे सरकावं तर पाठीला भिंत. फिल्मचंही तसंच. मंद फिल्म मे महिन्यातही टिके, मडक्यावरची रेघसुद्धा दाखवी, पण अंधाऱ्या घरात मिनिटभर उघडी ठेवावी लागे. जलद फिल्म क्षणात काम उरके, पण चित्र रवाळ येई आणि उन्हाळ्यात ती लवकर बिघडे. मी सहा रोल मंद घेतले, दोन जलद. निवड चुकली नव्हती.

वाटेत सावलीला घरी थांबलो. सकाळी मंद फिल्म आणि रुंद भिंग लावून आमच्याच स्वयंपाकघरात चाचणी घ्यायची ठरवली. माय चुलीपुढे बसली होती. नुकतीच हिवतापातून उठलेली.

"हालू नको. साठ मोजतो."

"साठ? तेवढ्यात तं भात करपन, बाबू!"

"मोजून राह्यलो. बोलू नको."

तीस झाले आणि ती उठली. हंडी उतरवली, मागच्या दारानं बाहेर गेली. मी चिडलो, साठ तेवढे पुरे केले; दुसरा घ्यायला सवड नव्हती, गाडीची वेळ झाली होती. पाया पडलो तेव्हा तिचा हात मला गरम लागला.

"ताप हाय का?"

"चुलीपाशी होती न मी," ती म्हणाली.

आलापल्लीला ज्या सरकारी बंगल्यात उतरलो, त्याच्या न्हाणीघराच्या खिडकीवर घोंगडी टांगून पहिला रोल धुतला. ओली पट्टी उजेडात धरली. चूल होती, उतरंड होती, भिंतीवरचं जाळं होतं. माय होती आणि नव्हतीही. तिच्या अंगातून मागची मडकी मोजता येत होती.

कारण मला ठाऊक होतं. अर्धा वेळ ती तिथं होती, अर्धा वेळ नव्हती. फिल्मनं दोन्ही लिहून ठेवलं. हे मी कुणालाही फळ्यावर समजावलं असतं. तरी मायचा तो गरम हात आठवत होता.

घरी खबर विचारायची सोय नव्हती. पत्र माझ्या मागूनच पोचलं असतं. आणि परत जाऊन सांगायचं काय? बी.एस्सी. झालेला माणूस फोटोला भिऊन पळाला? मी राहिलो. अभिमानानं राहिलो, मायच्या काळजीवर मात करून वगैरे नाही.

दुसऱ्या दिवशी एका गोंडाच्या घरी रुंद भिंग लावलं. म्हातारा खाटेवर बसला होता. म्हटलं, "दादा, बाहेर बसा."

"माझ्याच घरातून मलेच काहाडून राह्यला का?" तो हसला आणि हलला नाही.

तो तिथंच बसून राहील याचा मला भरवसा वाटेना. मी भिंग बदललं, जलद फिल्म घातली आणि पापणी लवायच्या आत म्हातारा आख्खा घेतला. खोली गेली उडत. पुढच्या घरांतही तेच केलं. (पुढं साहेब म्हणाले, "यात खोल्या कुठे आहेत?") दोन्ही जलद रोल संपले. मग मी घरातली सगळी माणसं बाहेर काढून, दार अडवून साठ मोजू लागलो. कोंबडी आत शिरली तरी भिंगावर झाकण ठेवून नव्यानं मोजू लागे.

आठव्या दिवशी भरदुपारी सावलीला उतरलो. तलावाच्या पाळीवरून आमचं छप्पर दिसतं. रांधायची वेळ, पण धूर नव्हता. मी आधी भरभर चाललो, मग तिपाई खांद्यावर घेऊन धावलो.

चूल थंड. उतरंड, जाळं, सगळं फोटोतल्यासारखं. फक्त ती आता अर्धीही नव्हती.

"माय!"

"काऊन बोंबलून राह्यला? मी का बहिरी हावो?" ती मागच्या अंगणात मासे वाळवत होती.

"चूल काऊन पेटवली नाई?"

"आज शेजारी जेवण हाय. आला तसा आरडून राह्यला, पाणी तं पी!"

मी खाली बसलो. मग पट्टी काढून तिला दाखवली. ती बराच वेळ पाहत होती.

"हे जाळं. हे मडके. अन् मी?"

मी बोट ठेवलं.

"अर्धीच काऊन काढली?"

"तू उठली म्हणून."

"मंग भात कोण उतरवन, तुजा साहेब?" तिनं हात धुतले, पदर नीट केला आणि थंड चुलीपुढे जाऊन बसली. "काढ आता. सप्पा काढ, आख्खी. हालत नाई मी."

मंद फिल्मच उरली होती. मी मोजू लागलो. हात मांडीवर, डोळे भिंगाकडे. दहा. पदरही हलेना. पंधरा. गालावर माशी बसली. तिनं हाकलली नाही. वीस. तिचा श्वास मला दिसेना. पंचविसाला मी भिंगावर झाकण ठेवलं.

"माय, हाल न!"

"झाले साठ?"

"झाले."

तो फोटो काळपट आला. मडकी ओळखू येत नाहीत, जाळं तर नाहीच. माय आख्खी आहे.