माझं नाव नको

मंगळवार होता. मी ओटीवर बिरड्याचे वाल सोलत बसले होते. हे खालापूरला कचेरीत गेलेले. साडेअकराला फोन आला. नाक्यावर बिननंबरच्या एका डंपरनं यांच्या मोटरसायकलला उडवलं होतं.

आमचे हे गावचे पोलीस पाटील. गावात काही घडलं की वहीत नोंद करायची आणि ठाण्याला कळवायचं. अठरा वर्षं त्याच ओटीवर मी चहा देत होते, त्यामुळे किस्से साठले. रात्री जेवताना आम्ही ते एकमेकांना पुन्हा सांगायचो. आता लिहिते.

*

शेजारचे शांतारामभाऊजी. चोऱ्या वाढल्या म्हणून त्यांनी घराला कॅमेरा लावला. आठ दिवसांत चोरांनी कॅमेराच नेला!

"पाटील, लिवून घ्या, पन माजं नाव नको."

"अरे, घर तुझं, कॅमेरा तुझा. मग नाव कुणाचं लिहू?"

*

एका फार्महाऊसवाल्यानं ओढ्यातच भिंत घातली. तक्रार द्यायला वीस माणसं आली. यांनी पेन काढलं. टोपण उघडेपर्यंत ओटी रिकामी! एक चपलांचा जोड मात्र राहिला. तो न्यायलाही कोणी आलं नाही.

*

टेकडी पोखरून मुरूम नेणारा डंपर यांनी अडवला. ड्रायव्हर हसला. "बाजूला व्हा पाटील, तुमच्याच आळीच्या रस्त्याला चाललाय."

खरंच आमच्या दारात तो मुरूम पडला. हे महिनाभर मागच्या बांधावरून घरी येत होते.

*

एकदा हे नोंद द्यायला ठाण्यात गेले, तेवढ्यात बाहेर उभ्या गाडीतलं पेट्रोल कोणीतरी काढलं. तीन किलोमीटर गाडी ढकलत आले.

"तक्रार दिली का?" मी विचारलं.

घाम पुसत म्हणाले, "दिली असती गं. पण माझं नाव नको!"

त्या रात्री आम्ही फार हसलो.

*

यांच्या तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर शांतारामभाऊजी एकटेच मागे राहिले.

"वैनी, त्या दिवशी मी नाक्यावरच्या टपरीवरच व्हतो. डंपर कुनाचा, चालवत कोन व्हता, समदं बगितलंय."

मी आत जाऊन यांची वही आणली. तारीख लिहिली. वर पाहिलं, तर भाऊजी उभे होते, चपला हातात.

"लिवून घ्या, वैनी. पन माजं नाव नको."

तारखेपुढे मी अजून काही लिहिलेलं नाही.