बाईंची तीस मिनिटं

"पगार पाऊण, मंग मी पाऊणच शिकवू का?" पगाराच्या दिवशी सही करताना बाई हे म्हणायच्याच. आणि आम्ही पुरुष मास्तर हसायचो. हसण्यासारखं काय होतं त्यात, असं तुम्ही विचाराल. काहीही नव्हतं.

सत्तरच्या दशकात जाफराबादेत मुलींच्या एका खाजगी शाळेत बाई आणि मी, दोघं गणित शिकवायचो. पदवी तीच, तास तितकेच. मी बाईंनंतर दोन वर्षांनी नोकरीला लागलो, तरी मला दोनशे आणि त्यांना दीडशे. शाळेला अनुदान नव्हतं, पगार सेक्रेटरी ठरवायचे. "बाईमाणसाला काय खर्चा? नवरा हाय की," म्हणायचे. नवऱ्याला जिनिंगमध्ये काम होतं, तेही कापसाच्या चार महिन्यांपुरतं. घर बाईंच्याच पगारावर चालायचं.

एकदा बाईंनी अर्ज लिहून माझ्यापुढे ठेवला. "सर, तुम्ही फक्त एवढं लिहा, दोघांचं काम बराबर आहे म्हणून. मंग पुढचं मी बघते."

मी म्हणालो, "बघू." त्या शब्दाची मला आजही चीड येते. अर्ज माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिला.

मग बाईंनी खरंच सुरू केलं. चाळीस मिनिटांचा तास. तीस झाली की खडू ठेवायच्या, हात झटकायच्या आणि खुर्चीत बसायच्या. "माझा पगार इथवरच." पोरी वह्या मिटून गप्प बसायच्या. शेजारच्या वर्गात मला ते कळायचं आणि माझंच गणित चुकायचं.

दोन आठवडे असं चाललं. मग एक पोरगी फळ्यापुढेच अडकली. गणित अर्धं, बाई खुर्चीत. पोरगी रडकुंडीला आली तशा बाई उठल्या, "आण तो खडू" म्हणाल्या, आणि घंटा झाल्यावरही शिकवतच राहिल्या. बाहेर आल्या त्या चिडूनच. "हेबी मला जमलं न्हाई, सर."

सेक्रेटरींना ते दोन आठवडे पुरले होते. उद्यापासून येऊ नका, असा शिपायाबरोबर निरोप गेला.

बाईंचा वर्ग मला मिळाला. पहिल्याच दिवशी तीस मिनिटं झाली आणि पोरींनी वह्या मिटल्या.

"काय झालं गं?"

ती फळ्यापुढे अडलेली पोरगी उभी राहिली. "काही न्हाई, सर. तुमची चाळीस असतात, ध्यानातच न्हाई राह्यलं."

सगळ्यांनी वह्या पुन्हा उघडल्या.